आनुवंशिक व्याधी आणि समुपदेशकाचे कार्य



वर्गातील एखादा मुलगा धावताना वारंवार पडतो, पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घेतो आणि जमिनीवरून उठताना प्रथम गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत जणू स्वतःच्याच अंगावरून चढत उभा राहतो. त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. त्यामुळे त्याच्या अशक्तपणाची शंका कोणास येत नाही, व ‘आळशी’ हे विशेषण त्यास चिकटते. कवायतीत मागे राहिल्याबद्दल अशा मुलास उन्हात उभे केलेले एका शाळेत माझ्या पाहण्यात आले आहे. वस्तुतः ही लक्षणे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायुक्षयाच्या व्याधीची असू शकतात. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे सुमारे एकास ती होते, आणि बहुधा बाराव्या वर्षाच्या आसपास चालणे थांबते. औषधे व व्यायाम यांनी हा काळ काहीसा लांबविता येतो. परंतु व्याधी समूळ नाहीशी करता येत नाही.

निदान डॉक्टर करतात. परंतु ‘हे आमच्याच घरी का?’ आणि ‘पुढच्या मुलाचे काय?’ हे मातापित्यांचे प्रश्न निदानाच्या कागदाने सुटत नाहीत. त्यांची उकल करून सांगणारी स्वतंत्र तज्ज्ञ व्यक्ती म्हणजे आनुवंशिकता समुपदेशक होय. या कार्यास इंग्रजीतील रूढ नाव १९४७ साली अमेरिकेतील शेल्डन रीड यांनी दिले.

समुपदेशकाचे पहिले काम वंशावळ काढण्याचे. वंशावळ आपणांस अपरिचित नाही. जमिनीच्या वारसासाठी ती घरोघर काढली जाते. पण आपल्या जुन्या वंशावळींत लेकीसुनांची नावे बहुधा नसतात, आणि या व्याधीत तर आईच्या माहेरचीच माहिती मोलाची असते. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, व्याधिग्रस्तास भरीव खूण, रक्तसंबंधातील विवाहास दुहेरी रेघ, अशी ही आकृती असते. विचारता विचारता एखादी आजी सांगते की, तिचा एक मुलगा लहानपणीच ‘पायांनी अधू होऊन’ गेला. त्या एका वाक्याने सगळा उलगडा होऊ शकतो.

कारण असे की, या व्याधीचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात. एक सदोष असले तरी दुसरे बहुधा काम निभावते, व ती केवळ वाहक राहते. मुलास ‘एक्स’ आईकडूनच मिळते, म्हणून वाहक मातेच्या प्रत्येक मुलास व्याधी होण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याचाही निम्माच. येथे लोकांची नेहमी गफलत होते. ‘एकास झाले, आता दुसरा सुटला’ असे ते समजतात. फोडलेला चिंचोका एकदा काळा पडला म्हणजे पुढच्या वेळी पांढराच पडेल असे नसते, हे खेळणारी मुलेही जाणतात. (चिंचोका नाण्याइतका निःपक्षपाती नसतो, हे गणिताचे शिक्षक क्षमा करून घेतील.)

‘आईकडून’ हा शब्द घरात फार जपून उच्चारावा लागतो. त्याचा अर्थ सासरी ‘हिच्यामुळे’ असा होण्यास क्षणही लागत नाही, आणि मग ती बाई माहेरी पाठविली जाते. म्हणून समुपदेशक पतिपत्नींस एकत्र बसवून सांगतो की, कोणते जनुक मुलास द्यावे हे कोणाच्याही हाती नसते. शिवाय सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, व त्यांची आई वाहक नसतेही. हे रक्ततपासणीनेच कळते. अंदाजाने बोलू नये.

शिक्षकास उत्तर सांगण्याची सवय असते; समुपदेशकास ती आवरावी लागते. पुढील अपत्य होऊ द्यावे की नाही हे तो ठरवीत नाही. गर्भलिंग निवडीस बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेही आनुवंशिक व्याधींच्या गर्भतपासणीस नोंदणीकृत केंद्रांत मुभा ठेवली आहे. ही माहिती तो देतो, निर्णय कुटुंबाचा. रुग्णाच्या लहान बहिणीची वाहक-तपासणीही घाईने करीत नाहीत. ती सज्ञान झाल्यावर तिने स्वतः ठरवावे, असा संकेत आहे. गावात विवाहाच्या वाटाघाटी कशा चालतात हे जाणणाऱ्यांस त्यातील शहाणपण सांगावयास नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाचे नाव पुढे करावे. दुर्मिळ व्याधींच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणान्वये मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या व्याधीचा समावेश असल्याने मुलास सवलती मिळू शकतात. पालकांबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत मूल प्रथम केव्हा पडू लागले, पायऱ्या चढणे केव्हापासून जड जाऊ लागले, भावंडांपैकी आणखी कोणी शाळेत आहे काय, एवढे तारखांसह लिहावे. ती चिठ्ठी पाकिटात बंद करून द्यावी, आणि तिची वाच्यता शिक्षकांच्या खोलीतही करू नये.