गर्भाशयातील गाठी : शस्त्रक्रिया दुर्बिणीतून की पोट उघडून?

झाशीच्या सदर बाजार परिसरातील मराठी कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या भगिनींसाठी

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. या गाठी पुष्कळ स्त्रियांना होतात आणि क्वचित अपवाद वगळता कर्करोगाच्या नसतात. सोनोग्राफीत गाठ दिसली, परंतु त्रास काही नसेल, तर बहुधा शस्त्रक्रियेची गरज नसते. वेळोवेळी तपासणी पुरते. पाळी बंद झाल्यावर गाठी सहसा आक्रसतात. पाळीत अतिरक्तस्राव, त्यातून रक्तक्षय, ओटीपोटात दाब, वारंवार लघवी लागणे किंवा गर्भधारणेत अडथळा असल्यास मात्र उपचार घ्यावेत. औषधांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा.

गाठ काढण्याच्या पद्धती

१. योनिमार्गे दुर्बीण : गर्भाशयाच्या पोकळीत आलेल्या गाठींसाठी. पोटावर छेद नसतो. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

२. पोटातून दुर्बीण : पोटावर साधारण अर्धा ते दीड सेंटिमीटरचे तीन-चार छेद घेतात. वेदना व रक्तस्राव तुलनेने कमी असतात. बहुधा एक-दोन दिवसांत घरी आणि दोन ते चार आठवड्यांत नेहमीच्या कामांवर परतता येते. मोठी गाठ तुकडे करूनच बाहेर काढावी लागते. तीत कर्करोग दडलेला असल्यास तो पोटात पसरण्याचा धोका असतो. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली तुकडे करणाऱ्या विद्युत यंत्राबाबत इशारा दिला होता. म्हणून गाठ बंद पिशवीत ठेवून तुकडे करणार का, हे विचारावे.

३. पोट उघडून : ओटीपोटावर मोठा छेद घेतात. रुग्णालयात काही दिवस राहावे लागते. पूर्ववत होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. गाठी फार मोठ्या, अनेक किंवा खोलवर असल्यास हीच पद्धत अनेकदा अधिक योग्य ठरते. कारण शल्यविशारदास लहान गाठीही हाताने चाचपता येतात.

छेद लहान म्हणून शस्त्रक्रिया लहान, असे समजू नये. निवड गाठींची संख्या, आकार व जागा, आपले वय, अपत्याची इच्छा आणि शल्यविशारदाचा अनुभव पाहून होते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया प्रसंगी सुरक्षिततेसाठी पोट उघडून पूर्ण करावी लागते. कोणत्याही पद्धतीनंतर गाठी पुन्हा होऊ शकतात. पुढे गर्भ राहिल्यास या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. प्रसूती सिझेरियनने करण्याचा सल्ला मिळू शकतो.

गर्भाशय काढण्याची घाई नको

मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय, हा विचार चुकीचा आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उजेडात आले. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या अंमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना दिला. काही स्त्रियांना गर्भाशय काढणे खरोखर आवश्यक असते; तथापि शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा आपला हक्क आहे. झाशीत त्यासाठी महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात जाता येईल.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा

• शस्त्रक्रिया आताच आवश्यक आहे का?
• केवळ गाठी काढून गर्भाशय राखता येईल का?
• माझ्यासाठी हीच पद्धत का?
• हिमोग्लोबिन कमी असल्यास आधी ते वाढवता येईल का?
• काढलेली गाठ तपासणीसाठी पाठवणार का?

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड सोबत न्यावे.

शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढती पोटदुखी, जखमेतून पू किंवा अतिरक्तस्राव झाल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.