उघडे भिंग आणि स्पष्ट चेहरा



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की तो महागाई भत्त्यावर नाही तर किमान वेतनावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही त्यांची थोडी निराशा करणार आहोत. आजचा विषय छायाचित्रणाचा आहे, आणि त्यातलाही एक लहानसा प्रश्न: मोठ्या छिद्राचे, एकाच नाभीय अंतराचे भिंग, ज्याला बाजारात ‘प्राइम लेन्स’ म्हणतात, ते वापरून चित्र स्पष्ट कसे काढावे? आमचे शालेय शिक्षण नववीत संपले आणि आम्ही यंत्रमागावर उभे राहिलो. प्रकाशाचे शास्त्र जे काही समजले ते रात्रपाळीनंतर वाचलेल्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून. तेव्हा आरंभ चुकीपासूनच केलेला बरा.

आठ वर्षांपूर्वी आमच्या संघटनेने वर्गणी काढून एक कॅमेरा घेतला. आमच्या द्वारसभा संध्याकाळी, पाळी सुटताना होतात. उजेड म्हणजे फाटकावरचा एक दिवा. फ्लॅश मारला की वक्ता दचकतो, आणि ऐकणारे कामगार तोंड फिरवतात. कारण आपला फोटो उद्या मालकाच्या टेबलावर जाईल ही भीती असते. म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही ५० मिलिमीटरचे ‘एफ १.८’ हे भिंग घेतले. अंधुक उजेडातही फ्लॅशवाचून काम भागेल, असे तो म्हणाला. ते खरेच होते.

संघटनेत तीस वर्षे घालवलेले आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. सारे त्यांना काका म्हणत. त्यांच्या निरोपाच्या द्वारसभेत आम्ही त्यांची ४३ चित्रे काढली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती सगळी उत्तम दिसत होती. तीन महिन्यांनी काका गेले. त्यांची मुलगी कार्यालयात आली आणि भिंतीवर लावायला एक फोटो मागू लागली. घरात त्यांचा एकट्याचा म्हणून होता तो मतदार ओळखपत्रावरचाच. त्या रात्री आम्ही ती ४३ चित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. कोठे माइकची जाळी मोजता यावी इतकी स्पष्ट होती, कोठे सदऱ्याचे बटण, कोठे कान, कोठे मागच्या फलकावरची अक्षरे. काकांचे डोळे मात्र एकाही चित्रात स्पष्ट नव्हते. मुलीने त्यातल्या त्यात बरे चित्र निवडले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाबाच आहेत, दादा. पण कुणाकडं बघत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तावातावाने दुकानात गेलो. भिंग सदोष आहे, अशी आमची तक्रार. दुकानदाराने वाद घातला नाही. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवले, कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि त्याच भिंगाने चित्र काढले. बारीकातले बारीक अक्षर वाचता येत होते. भिंग निर्दोष होते. आरोपी आम्हीच होतो.

आता या भिंगाचे गुणदोष समजून घेऊ. भिंगावर लिहिलेला ‘एफ’चा आकडा म्हणजे एक साधा भागाकार आहे. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो आकडा मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगावर एफ १.८ लिहिले असेल तर छिद्र पूर्ण उघडल्यावर त्याचा व्यास सुमारे २८ मिलिमीटर असतो. तेच भिंग एफ १६ वर मिटले तर व्यास उरतो जेमतेम ३ मिलिमीटर. म्हणून आकडा लहान तितके दार मोठे. आता तुलना पाहा. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे झूम भिंग ५५ मिलिमीटरला बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. ५.६ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. जवळजवळ दहा येतात. म्हणजे आमचे भिंग दहापट प्रकाश आत घेते. झूम भिंगाला जेथे सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो, तेथे याचे काम अडीचशेव्या भागात होते. फाटकावरच्या एका दिव्यात हा फरक म्हणजे चित्र मिळणे आणि न मिळणे यांतला फरक आहे.

परंतु फुकट काहीच मिळत नाही, हे कामगाराला सांगावे लागत नाही. या प्रकाशाची किंमत खोलीत मोजावी लागते. भिंग ज्या अंतरावर साधलेले असेल त्याच्या थोडे पुढे व थोडे मागे, एवढ्याच पट्ट्यात वस्तू स्पष्ट दिसते. छिद्र मोठे केले की हा पट्टा अरुंद होतो. वस्तू जवळ आली की तो आणखी आक्रसतो. ३६ बाय २४ मिलिमीटरचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यात, ५० मिलिमीटरच्या भिंगाने, एफ ८ वर, दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र काढा: पट्टा सुमारे ७८ सेंटिमीटरचा असतो. एफ १.८ वर तोच सुमारे १७ सेंटिमीटर होतो. आता एक मीटरवर जा. पट्टा उरतो फक्त ४ सेंटिमीटर! नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचे अंतर याच्या दुपटीहून अधिक आहे. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात तर हा पट्टा याहूनही अरुंद. म्हणजे उघड्या भिंगाने जवळून चेहरा टिपताना सारा चेहरा स्पष्ट येणे शक्यच नसते. काय स्पष्ट यावे ते कोणी तरी ठरवावे लागते. आम्ही ठरवले नव्हते. कॅमेरा स्वतःच फोकसचे ठिकाण निवडील अशी योजना होती, आणि कॅमेऱ्याने इमानाने त्याला सर्वांत जवळची ठळक वस्तू निवडली. ती वस्तू म्हणजे माइक.

मग चित्र अस्पष्ट आले तर दोष कोणाचा, हे कसे ओळखावे? संघटनेत तक्रार आली की आम्ही आधी चौकशी करतो आणि मग बोलतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते. चित्र मोठे करून पाहा. चेहरा धूसर, पण पुढची वा मागची एखादी वस्तू लख्ख असेल, तर फोकस चुकला. चित्रातील झाडून सारे एकाच दिशेला ओढल्यासारखे असेल, तर हात हलला. फलक स्पष्ट, पण वक्त्याचा हात फरफटलेला असेल, तर वक्ता हलला. आणि सारे जागच्या जागी असून कडांवर दुधाळ धुके पसरल्यासारखे वाटत असेल, तर तो भिंगाचा स्वभाव. रोग चार आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे आहे.

पहिला रोग फोकसचा, आणि तोच सर्वांत मोठा. त्यावर उपाय असा की फोकसचा एकच बिंदू आपण निवडावा आणि तो कॅमेऱ्याच्या बाजूच्या डोळ्यावर, पापणीच्या कडेवर ठेवावा. माणूस माणसाचे चित्र पाहताना आधी डोळ्यांकडे पाहतो. डोळा स्पष्ट असेल तर कान धूसर असलेला चालतो. उलट चालत नाही. येथे एक सवय मात्र मोडावी लागते. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस साधायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट बसवायची, ही जुनी रीत. मिटलेल्या भिंगाला ती चालते. उघड्या भिंगाला ती दगा देते. कारण स्पष्टतेचा पट्टा कॅमेऱ्यासमोर आडव्या भिंतीसारखा उभा असतो, आणि कॅमेरा वळला की ती भिंतही वळते. एक मीटरवर फोकस साधून कॅमेरा १५ अंश वळवला, तर भिंत डोळ्याच्या सुमारे साडेतीन सेंटिमीटर मागे जाते. आपल्या चार सेंटिमीटरच्या पट्ट्यातला भिंतीपुढचा हिस्सा कसाबसा दोनच सेंटिमीटरचा. डोळा बाहेर पडलाच! म्हणून आधी चौकट बसवावी आणि मग डोळ्यावर पडणारा बिंदू निवडावा.

शिवाय माणूस दगडाचा नसतो. बोलणारा पुढेमागे डुलतो, चित्र काढणाराही श्वास घेतो. या डुलण्यातच चार सेंटिमीटर संपतात. म्हणून फोकस साधणे आणि कळ दाबणे यांत वेळ जाऊ देऊ नये. हलत्या माणसासाठी सतत फोकस साधत राहणारी योजना चालू ठेवावी आणि एका कळीत तीन-चार चित्रे घ्यावीत. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारे यंत्र संवेदकापासून वेगळ्या जागी बसवलेले असते. दोघांचे माप थोडे जरी जुळले नाही, तरी प्रत्येक चित्र ठराविक अंतराने पुढे वा मागे चुकते. ही चूक दुरुस्त करण्याची सोय काही कॅमेऱ्यांत दिलेली असते. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत संवेदकच फोकस मोजतो, आणि नव्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांना डोळा शोधता येतो. ही मोठी सोय आहे. तरी दहा चेहऱ्यांच्या गर्दीत कोणाचा डोळा, हे सांगणे आपल्याकडेच राहते.

दुसरा आणि तिसरा रोग हालचालीचा. आपला हात स्थिर राहावा म्हणून जुना नियम असा की शटरचा वेग किमान नाभीय अंतराइतका ठेवावा: ५० मिलिमीटरला सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि लहान संवेदक असेल तर ऐंशीवा. पण हा नियम केवळ आपल्या हाताचा आहे, वक्त्याच्या हाताचा नव्हे. सभेत बोलणाऱ्यासाठी अडीचशेवा भाग धरावा. मूठ आवळून बोलणाऱ्यासाठी पाचशेवा. उजेड पुरत नसेल तर आयएसओ बिनदिक्कत वाढवावा. चित्र रवाळ होईल, होऊ द्या. रवाळ चेहरा ओळखू येतो, फरफटलेला चेहरा कोणत्याही उपायाने परत येत नाही.

चौथा रोग भिंगाचा स्वतःचा. पाउल रुडॉल्फ याने १८९६ साली झाइस कारखान्यात ‘प्लानार’ नावाची रचना केली. आजची बहुतेक स्वस्त ५० मिलिमीटर भिंगे तिच्याच वंशातली. या भिंगांत काठाजवळून आलेले किरण आणि मध्यातून आलेले किरण तंतोतंत एका ठिकाणी मिळत नाहीत. त्यामुळे पूर्ण उघडल्यावर ते दुधाळ धुके येते. छिद्र थोडे मिटले की काठाचे किरण अडतात आणि चित्र खणखणीत होते. म्हणून उजेड परवानगी देत असेल तर एफ १.८ ऐवजी एफ २.८ वर यावे आणि अर्धे पाऊल मागे सरावे. भिंगही सुधारते, पट्टाही रुंदावतो. मात्र एफ १६ पर्यंत मिटण्यात लाभ नाही; इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरू लागतो आणि स्पष्टता पुन्हा घटते.

भिंग पूर्ण उघडता येते म्हणून ते नेहमी उघडलेच पाहिजे असेही नाही. यंत्रावरचे संरक्षक झाकण काढून टाकले आहे, हे कारखाना निरीक्षकाला दाखवायचे असेल, तर यंत्राचा क्रमांक आणि उघडे दाते दोन्ही एकाच चित्रात वाचता आले पाहिजेत. तेथे एफ ८ आणि तिपाई. कार्यकारिणीच्या समूहचित्रालाही तेच. दोघांचे चित्र एफ २.८ वर काढायचे असेल तर दोघांना खांद्याला खांदा लावून एका रेषेत उभे करावे. एक पाऊल मागे राहिलेला सहकारी चित्रातही मागेच राहतो.

या साऱ्या अडचणी नव्या नाहीत. १९२४ च्या सुमारास जर्मनीत ‘एर्मानॉक्स’ नावाचा कॅमेरा निघाला. त्याचे भिंग एफ २ चे होते, पुढे एफ १.८ चेही आले. एरिक सालोमन या छायाचित्रकाराने तो हाती घेतला आणि १९२८ पासून न्यायालयांतली व राजकीय परिषदांतली चित्रे फ्लॅशवाचून टिपली. न्यायालयात तर कॅमेरा त्याने टोपीत दडवून नेला होता. त्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच काचेची प्लेट बसे आणि फोकस हातानेच साधावा लागे. आपल्याकडे आज शेकडो चित्रांची सोय आहे. त्याच्याकडे एकेका चित्राचाच हिशेब होता. १९४४ साली आउशवित्झच्या छळछावणीत नाझींनी सालोमनचा अंत केला. त्याने टिपलेले चेहरे राहिले.

तात्पर्य, उघडे भिंग आपल्याला प्रकाश देते आणि बदल्यात निवड करावयास लावते. ती निवड आपण केली नाही तर यंत्र करते, आणि यंत्राला माइक आणि माणूस यांतला भेद ठाऊक नसतो.

आता एक अभ्यास सांगून रजा घेतो. घरी गेल्यावर टेबलावर सात-आठ पुस्तके तिरप्या ओळीत उभी करा, कॅमेरा एक मीटरवर ठेवा आणि चौथ्या पुस्तकाच्या नावावर फोकस साधा. एफ १.८, २.८, ५.६ आणि ८ अशी चार चित्रे काढा आणि मोठी करून पाहा. जे आम्ही येथे इतका वेळ सांगितले, ते तुमचे डोळे पाच मिनिटांत शिकतील. मग उद्या सकाळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला खिडकीजवळ बसवा, छिद्र एफ २.८ वर ठेवा, बिंदू डोळ्यावर आणा आणि दहा चित्रे काढा. ती तिथल्या तिथे मोठी करून पाहा. डोळा स्पष्ट नसेल तर त्यांना आणखी थोडा वेळ बसण्याची विनंती करा. ती विनंती करण्याची सवड आम्हाला उरली नव्हती.