बिऱ्हाड जर्मनीत

जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. युरोपीय संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात हे प्रमाण एवढे नाही. जन्मभर भाडेकरू राहण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. एका जिन्यावर आठ-दहा बिऱ्हाडे, खाली सामाईक तळघर आणि मागच्या अंगणात कचऱ्याचे डबे अशी ही वस्ती. तिथल्या रोजच्या रीतींचा मोठा भाग या जिन्यावरच घडला आहे. शेजाऱ्याला आपला उपद्रव होऊ नये, ही त्यामागची मूळ गरज. ती लक्षात आली की जाचक वाटणाऱ्या बऱ्याच नियमांची संगती लागते.

महाराष्ट्राचा या देशाशी संबंध जुना आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच भागातल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जाण्यापूर्वी भाषेची तयारी बहुतेकजण करतात. घर चालवण्याची तयारी मात्र राहून जाते.

पहिले काम नोंदणीचे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक नागरी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. जर्मनीचे नागरिकही घर बदलले की हेच करतात. सोबत घरमालकाचे सहीचे पत्र लागते. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत या कामाची वेळ आधी घ्यावी लागते आणि ती लवकर मिळतेच असे नाही, म्हणून घर ठरताच ती मागून ठेवावी. नोंदणी झाल्यावर करक्रमांक टपालाने घरी येतो. बँक, पगार आणि विमा यांची कामे या दोन कागदांवाचून अडतात.

आता हे टपाल घरी पोचते कसे, ते पाहावे. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅटचा क्रमांक नसतो. रस्ता आणि इमारतीचा क्रमांक एवढ्यावर पोस्टमन दारापर्यंत येतो आणि पुढे पेटीवरचे आडनाव शोधतो. ते नाव नसेल तर पत्र परत जाते. म्हणून किल्ली हातात पडताच पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लावायचे, तेही पासपोर्टवर आहे तसेच. पती-पत्नीची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लावायची. सरकारी पत्रांना उत्तराची मुदत असते आणि पत्र मिळालेच नाही ही सबब सहसा टिकत नाही. आलेला प्रत्येक कागद तारीखवार फाइलला लावण्याची जर्मन सवय पहिल्या आठवड्यातच उचलावी.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. ‘थंड’ भाडे नुसत्या जागेचे. ‘गरम’ भाड्यात हीटिंग, पाणी, सफाई असे खर्च धरलेले असतात. वीज बहुधा त्याबाहेर राहते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. सर्वांत अनपेक्षित गोष्ट स्वयंपाकघराची. पुष्कळ घरांत ओटा, शेगडी, कपाटे यांतले काहीच नसते. जुना भाडेकरू जाताना ते सोबत नेतो किंवा नव्याला विकतो.

हवा खेळती ठेवणे हे तर भाडेकरूचे कर्तव्यच मानले जाते. थंडीत घरे घट्ट बंद असतात. कुकरची वाफ, उकळता रस्सा, खोलीत वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा बाहेर पडायला वाट नसते. तो गार भिंतीवर बसतो आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. घर सोडताना त्यावरूनच भांडणे होतात. उपाय ठरलेला आहे: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या. खिडकी तासन्‌तास किलकिली ठेवल्याने उलट भिंती गार पडतात आणि बुरशीला फावते. फोडणी देताना आणि उदबत्ती लावताना आणखी एक भान हवे. झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर धूर ओळखणारी यंत्रे सक्तीची आहेत, आणि ती धुराची जात पाहत नाहीत.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची. रविवारी ती दिवसभर असते. भिंतीला भोक पाडणे, गवत कापण्याचे यंत्र चालवणे किंवा काचेच्या बाटल्या सार्वजनिक पेटीत टाकणे या दिवशी वर्ज्य. रविवारच्या विश्रांतीला १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षण मिळाले आणि १९४९ च्या मूलभूत कायद्याने ते कलम तसेच कायम ठेवले. म्हणून दुकाने बंद असतात; रेल्वे स्थानके, पेट्रोल पंप आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या राहतात. दूध-भाजी शनिवारीच भरावी लागते. सोमवारी सुट्टी आली तर दोन दिवसांची.

कचऱ्याचे कागद, वेष्टने, ओला आणि उरलेला असे भाग करायचे. काच रंगाप्रमाणे वेगळी. डब्यांचे रंग गावागणिक बदलतात, त्यामुळे पालिकेचे पत्रक स्वयंपाकघरात चिकटवलेले बरे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की पावती मिळते. श्टुटगार्टच्या परिसरात आणखी एक पाळी येते: जिना आणि दारापुढची जागा झाडण्याची. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी अडकवलेली असते. ती चुकवलेली शेजाऱ्यांच्या बरोबर लक्षात राहते.

जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला अभिवादन करायचे, दवाखान्यात शिरतानाही. मोठ्यांना आडनावाने आणि आदरार्थी हाक मारतात. ‘अरे-तुरे’ची सुरुवात वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाकडून होते. न कळवता कुणाकडे टपकण्याची पद्धत नाही, आणि मराठी घरातून गेलेल्याला हेच सर्वांत जड जाते. तिथली ओळख सावकाश वाढते, पण एकदा जुळली की टिकते. ती जुळण्याची खरी जागा म्हणजे नोंदणीकृत मंडळे: गाण्याची, फुटबॉलची, डोंगर चढण्याची. देशभरात अशी सहा लाखांच्या आसपास मंडळे आहेत आणि बहुतेकांची वर्गणी परवडणारी असते.

घरी समारंभ असेल तर दोन-तीन दिवस आधी जिन्यात चिठ्ठी लावतात: अमुक दिवशी पाहुणे येणार आहेत, थोडा आवाज होईल, त्रास झाला तर दार ठोठवा. गणपतीच्या आरतीलाही हीच चिठ्ठी चालते. मोदकांसाठी शेजाऱ्यांना बोलावले तर आनंदाने येतात. चिठ्ठी लावली तरी दहानंतरची शांतता मात्र माफ होत नाही, तेव्हा टाळ-झांजांची आरती संध्याकाळीच उरकलेली बरी.