वेलांटी आधी की क आधी?

लखनौजवळच्या दोन खेड्यांत काही वर्षांपूर्वी तिशीतल्या निरक्षर बायका बाराखडी गिरवायला बसल्या. सुरुवातीला बहुतेकींना लिहिलेला एकही शब्द लागत नव्हता. सहा महिन्यांत त्या पहिलीतल्या मुलाइतकं वाचू लागल्या. शिकण्याआधी आणि नंतर लखनौच्या सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्चमध्ये त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. बदल मेंदूच्या वरच्या थरात दिसणार, अशी अपेक्षा होती. तो पोचला थेट तळाशी, थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभात! हे भाग उत्क्रांतीत इतके जुने की उंदरालाही असतात. ते आता दृष्टीच्या केंद्राशी ताल धरून चालू लागले होते. २०१७ साली हे 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये छापून आलं.

बोलणं मूल आपसूक उचलतं. वाचन तसं नाही. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, तिच्यासाठी मेंदूत जागा राखलेलीच नाही. प्रत्येक मुलाला ती नव्याने करून घ्यावी लागते. बहुतेकांचं ते निभतं, नवल खरं तर याचंच.

काहींचं अडतं. धडा तोंडपाठ, गोष्ट रंगवून सांगणार, पण अनोळखी उतारा पुढे ठेवला की घाम. वहीत लाल शाई. शाळेतून निरोप येतो, 'लक्ष देत नाही.' लखनौत आई ऐकते, 'मन नहीं लगाता.' मग रोज संध्याकाळी अभ्यासावरून रडारड, शिकवण्या, चष्म्याचा नंबर तपासणं. अडचण डिस्लेक्सियाची असू शकते. त्यात दोष डोळ्यांचा नसतो, बुद्धीचा तर नाहीच. शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडणं जड जातं. ते घराण्यातही उतरतं. मुलाला तपासायला घेऊन आलेल्या बापाला तपासणीतल्या प्रश्नांत कधीकधी स्वतःचीच तिसरी-चौथी भेटते.

'किताब' हा शब्द जवळून बघा. डोळ्याला आधी ऱ्हस्व वेलांटी दिसते, मग क. जिभेवर मात्र आधी क्, मग इ. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात य च्या आधी येतो. आपण ही उलटापालट नकळत करतो. मुलाला ती दर शब्दाला जाणीवपूर्वक करावी लागत असेल, तर ओळ संपेपर्यंत अर्थ निसटणारच.

डिस्लेक्सिया असलेल्यांच्या थॅलॅमसमध्ये वेगळेपण आढळतं, तेच मूळ कारण असावं, असा एक तर्क होता. खेड्यातल्या त्या बायकांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावलं. सहा महिन्यांच्या सरावाने तो भाग बदलत असेल, तर ते वेगळेपण कमी वाचन घडल्याचा परिणामही असू शकेल. कारण कुठलं, परिणाम कुठला, हे लहान मुलांना वाचायला शिकण्याआधीपासून तपासत गेल्याशिवाय उलगडणार नाही.

आईबापांचा प्रश्न त्याहून तातडीचा असतो: पोरगं इंग्रजीत अडतंय की वाचनातच? माध्यम बदला, हा सल्ला तर शेजारीपाजारीही देतात. घरी हिंदी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या मुलाची चाचणी फक्त इंग्रजीत घेऊन हे कळायचं कसं? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' ही चाचणी आणली ती यासाठीच. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. अडखळणं दोन्ही भाषांत दिसलं, तर माध्यम बदलून ते जाणार नाही. पुढची सविस्तर तपासणी करून घ्यायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ शाळेकडे हक्काने मागता येतो.