गाडी चालती राहिली पाहिजे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे आणि तिची वीस वर्षं भरली होती. वर्तमानपत्रांत फोटो छापून आले, पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, मूळची इटलीची फियाट असलेली ही गाडी आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या सुखदुःखात सामील होती. तेव्हा हळहळ खोटी नव्हती. पण हळहळीने गाडी टिकत नाही. ती कशाने टिकते, हे मला माझ्या एका स्नेह्यांचा रोजचा दिनक्रम पाहून समजलं. आज त्याबद्दल थोडं सांगायचं आहे.

हे स्नेही कोल्हापूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या चार गाड्या उभ्या आहेत. १९६६ ची फियाट ११००, एक स्टँडर्ड हेराल्ड, एक अँबॅसिडर आणि १९८० च्या दशकातली मारुती ८००. यांतली एकही राजेरजवाड्यांची नाही. डॉक्टर, वकील, कंत्राटदार, फारतर कारखान्याचे संचालक अशा माणसांनी त्या काळी नंबर लावून, वाट पाहून घेतलेल्या या गाड्या. स्नेह्यांच्या पत्नी मात्र म्हणतात, "अहो, दारात चार गाड्या आणि मंडईला जायला रिक्षा!"

रिक्षाच का, ते ऐका. जुनी गाडी मनात आलं की किल्ली फिरवून काढता येत नाही. तिची आधी विचारपूस करावी लागते. प्रत्येक गाडीखाली एक पुठ्ठा पसरलेला असतो. सकाळी चहाच्या आधी ते पुठ्ठे पाहतात. काळा डाग इंजिन ऑइलचा. दाट, उग्र वासाचा डाग गिअरबॉक्सचा किंवा मागच्या डिफरन्शियलचा. जुन्या गाडीतून थोडं ऑइल गळणारच, त्याला कुणी घाबरत नाही. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट ओल दिसली, तर ते ब्रेकचं ऑइल समजायचं. मग ती गाडी जागची हलवायची नाही. मगच रेडिएटरचं पाणी, बॅटरीच्या टोकांवर आलेली पांढरी भुकटी आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे पाहणं.

पुष्कळांना वाटतं, उभ्या गाडीचं इंजिन रोज पाच मिनिटं चालू करून बंद केलं की झालं. हा समज इंजिनाला घातक आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं नाही, तर ती सायलेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते आणि सायलेन्सर आतून गंजतो. चोक ओढून चालू केलेल्या थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. म्हणून गाडी काढायची तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवूनच आणायची. आमच्या स्नेह्यांनी पाळ्या लावल्या आहेत. दर रविवारी एक गाडी पन्हाळ्याला जाते. अंतर साधारण वीस किलोमीटर, शेवटी चढ. महिन्याभरात प्रत्येकीची फेरी होते. चढावर क्लच कळतो, उतारावर ब्रेक कळतात, आणि वर पोचल्यावर झुणका-भाकर मिळते. एप्रिल-मे महिन्यात पेट्रोल पंपातच उकळतं आणि गाडी मध्येच बंद पडते. मग बाटलीतलं पाणी, पंपावर ओलं फडकं आणि झाडाखाली वीस मिनिटं. नातवंडांना हाच भाग सर्वांत आवडतो.

प्रत्येक गाडीची तब्येत वेगळी. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, त्यामुळे चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. पण तिच्या पुढच्या चाकांच्या खालच्या सांध्याला ग्रीस चालत नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं. ग्रीस आतवर पोचत नाही, सांधा कोरडा पडून झिजतो आणि एक दिवस तुटून चाक आडवं होतं. अँबॅसिडरची गोष्ट निराळी. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असे आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला जपत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. हवेच्या आणि मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते फार चांगलं झालं, पण बिडाच्या हेडमधल्या त्या बैठका झिजू लागल्या. त्यावर उपाय म्हणजे हेड उतरवून त्यात कडक पोलादाच्या रिंगा बसवणं. आता २०२५ पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुन्या प्रकारचं रबर खराब करतं. म्हणून चारही गाड्यांच्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचे पडदे बदलावे लागले. कोल्हापूरकर उसाला नावं ठेवत नाही, एवढंच.

सुटे भाग कुठे मिळतात, असं लोक विचारतात. काही मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात, काही चोर बाजारात, काही पुण्याला नाना पेठेत. आणि जे कुठेच मिळत नाहीत, ते शिवाजी उद्यमनगरात बनवून मिळतात. झिजलेला बुश घेऊन लेथवाल्याकडे जायचं. तो मापं घेतो आणि गनमेटलच्या तुकड्यातून नवा उतरवून देतो. ज्या गावात ओतकाम आणि लेथ आहे, त्या गावात जुनी गाडी सहसा मरत नाही.

आता कायद्याचं. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पूर्वीचा नंबर ठेवता येतो. जुन्या गाड्यांची कायद्याने दखल घेतली, हे चांगलंच झालं. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. म्हणून आमच्या स्नेह्यांनी फियाटची नोंदणी साधीच ठेवली. दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण करतात, हरित कर भरतात. ते म्हणतात, "मानाची पाटी लावून तिला घरात बसवण्यापेक्षा खाऊन-पिऊन हिंडू दे."

गाड्यांचे प्रश्न असे सुटत जातात. न सुटणारा प्रश्न माणसांचा आहे. या गाड्यांना स्कॅनर लावायला जागाच नाही. चौघीही संगणक म्हणजे काय हे माहीत नसलेल्या. त्यांचा रोग कानाने आणि हाताने ओळखावा लागतो. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. ती मोजायच्या पट्ट्या मिळतात. पण लक्ष्मीपुरीजवळचे त्यांचे वृद्ध उस्ताद घडी घातलेला कागद आत सरकवून ती लावतात, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून टॅपेटचा आवाज ऐकतात. खंडेनवमीला त्यांच्या गॅरेजात पाने, पकडी आणि जॅक धुऊन-पुसून मांडले जातात, त्यांवर झेंडूची फुलं वाहतात. उस्ताद मुसलमान, हाताखालचे दोघे मराठा. हत्यार ज्याला भाकरी देतं, तो त्याचा मान ठेवतो. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा उस्ताद गर्दीत उभे राहून तिच्या इंजिनाकडे कान देतात.

त्यांचे शागीर्द आता नव्या गाड्यांच्या शोरूमकडे वळत आहेत. तिथे पगार ठरलेला, कपडे स्वच्छ. त्यांना दोष कसा देणार? स्नेह्यांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. प्रत्येक गाडीची एक वही आहे. तारीख, किलोमीटर, काय बिघडलं, कसं ओळखलं, कुणाच्या हाताने दुरुस्त झालं, असं सगळं बँकेतल्या शिस्तीने लिहिलेलं. गेली दोन वर्षं उस्ताद काम करताना बोलतात आणि हे शेजारी स्टुलावर बसून लिहितात. मागच्या वर्षीपासून शेजारची आयटीआयमधली मुलगीही रविवारी येते. तिने हेराल्डचा कार्बोरेटर स्वतः उघडून, धुऊन परत बसवला. त्या पानावर तिचं नाव आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात वडिलांची गाडी ताडपत्रीखाली उभी असेल. उत्साहाने बॅटरी जोडून किल्ली फिरवू नका. ताडपत्री प्लास्टिकची असेल तर आधी काढा, तिच्याखाली ओल कोंडते. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरतं का ते पाहा. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी दाराबाहेर नेऊ नका. टायर नक्षीवरून चांगले दिसले तरी बाजूचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर उभ्या जागी म्हातारं होतं.

आणि हे सगळं करण्याआधी, तुमच्या वडिलांच्या वेळी ही गाडी कोण दुरुस्त करत होतं ते शोधून काढा. ते मेस्त्री असतील तर त्यांना रिक्षाने घरी आणा, खुर्ची द्या, चहा द्या आणि जवळ एक वही ठेवा. गाडी आणखी वर्षभर थांबेल. मेस्त्रींचं काय सांगावं!