नियम सिस्टरांचा, अ‍ॅपही सिस्टरांनाच बांधता यावं

दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, तर त्याचा श्वास जलद समजायचा. दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्षापर्यंत हा आकडा ५०, आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. जागतिक आरोग्य संघटनेचा हा नियम उपकेंद्रातल्या सिस्टरांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. तोच नियम मोबाइलमधल्या अ‍ॅपला शिकवायची वेळ आली की मात्र त्यांना बाजूला बसवलं जातं. शहरातला प्रोग्रॅमर येतो, नियम ऐकून घेतो, कोडमध्ये लिहितो आणि निघून जातो. पुढे एखादा प्रश्न बदलायचा झाला तरी त्याचीच वाट बघायची. काम थांबत नाही, म्हणून अ‍ॅपही भरायचं आणि रजिस्टरही.

ज्यांना नियम माहीत आहे त्यांनाच अ‍ॅप बांधता येईल असं सॉफ्टवेअर देणं, हा यावरचा उपाय गेल्या वीसेक वर्षांत आकाराला आला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ साली पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय संशोधकांसाठी ‘रेडकॅप’ सुरू केलं. संशोधकाने आपले प्रश्न तक्त्यात लिहायचे आणि त्यावरून माहिती भरायचा फॉर्म तयार व्हायचा, अशी त्याची रीत. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात गेतानो बोरिएलो यांच्या गटाने ‘ओपन डेटा किट’, म्हणजे ओडीके, उभं करायला घेतलं. अँड्रॉइड फोनवर, नेटवर्क नसलेल्या गावातही माहिती भरता यावी, हा त्यामागचा विचार. ‘डिमागी’ कंपनीचं ‘कॉमकेअर’ त्याच वाटेवरचं. आपल्याकडच्या अंगणवाडी सेविकांनी काही वर्षं वापरलेलं आयसीडीएस-कॅस हे अ‍ॅप कॉमकेअरवरच बांधलेलं होतं.

यातलं ओडीके जरा जवळून पाहू. त्याचा फॉर्म साध्या एक्सेल फाइलमध्ये लिहिता येतो. एका ओळीत एक प्रश्न. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार (आकडा, तारीख, एक पर्याय निवडा, फोटो), दुसऱ्यात प्रश्नाचं आतलं नाव, तिसऱ्यात फोनवर दिसणारं वाक्य. मराठी वाक्यासाठी वेगळा रकाना जोडता येतो. ‘कॉन्स्ट्रेंट’ नावाच्या रकान्यात उत्तर कुठपासून कुठपर्यंत चालेल ते लिहायचं, म्हणजे वजनाच्या जागी चुकून २५ किलोचं नवजात बाळ नोंदवलं जात नाही. ‘रेलेव्हंट’मध्ये तो प्रश्न कधी दिसावा ते लिहायचं. फाइल चढवली की फॉर्म तयार. ही कल्पना फार चांगली आहे, कारण तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात एक्सेल नवं नाही.

गाडी अडते ती ‘रेलेव्हंट’वर. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, त्यात प्रश्नाचं इंग्रजी नाव, पुढे ‘पेक्षा लहान’ची खूण, मग आकडा. एखादा कंस राहिला तर फॉर्म चढतच नाही, आणि समोर येणारा इंग्रजी संदेश प्रोग्रॅमरलाच कळावा असा असतो. पण ही चूक निदान दिसते. खरी भीती न दिसणाऱ्या चुकांची.

समजा, सिस्टरांनी नियम लिहिला: ताप किंवा खोकला आणि श्वास जलद असेल, तर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पाठवा. त्यांच्या मनातला अर्थ असा की ताप आणि खोकला यांतलं काहीही असेल आणि सोबत श्वास जलद असेल, तर पाठवायचं. संगणक मात्र ‘आणि’च्या दोन्ही बाजू आधी जोडतो. त्याच्या लेखी नियम होतो: ताप असेल, किंवा खोकल्यासोबत जलद श्वास असेल, तर पाठवा. आता नुसता ताप आलेलं प्रत्येक लेकरू रेफर होणार. फॉर्म बिनतक्रार चढतो आणि आठवड्याभराने पीएचसीतले डॉक्टर गावात फॉर्म भरणाऱ्या आशाताईंवर चिडतात.

दुसरी चूक याहून घातक. बाळ रडत होतं, श्वास मोजता आला नाही, आशाताईंनी रकाना रिकामा सोडला. ओडीकेच्या पद्धतीत रिकाम्या उत्तराबद्दल ‘हे ६० पेक्षा जास्त आहे का’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असं येतं. मोजलंच नाही, आणि अ‍ॅपने मात्र ठीक असलेल्या बाळांत त्याला बसवलं. असा फॉर्म बांधताना ‘मोजता आलं नाही’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, आणि तो निवडला तर पुढे काय करायचं तेही ठरवावं लागतं. अनुभवी माणूस हे करतो. नव्याला ते सॉफ्टवेअरने विचारायला हवं: हे उत्तर रिकामं राहिलं तर काय समजायचं?

म्हणून ‘सोपं सॉफ्टवेअर’ म्हणजे मोठी बटणं आणि ओढून-सोडायचे ठोकळे, ही समजूत मला अपुरी वाटते. लिहिलेल्या नियमाचा परिणाम पेशंटपर्यंत पोचण्याआधी लिहिणाऱ्याला दिसला पाहिजे. अटी ‘यांपैकी काहीही’ आणि ‘हे सगळं’ अशा दोन चौकटींत मांडू द्या. कंसांचं काम चौकटीच करतील. नियम लिहून झाला की शेजारीच चार कल्पित बाळं दाखवा: एक महिन्याचं, श्वास ५८, एक महिन्याचं, श्वास ६०, सहा महिन्यांचं, श्वास ५२, आणि एक न मोजलेलं. कोणाला पाठवणार, कोणाला घरी ठेवणार, ते समोर लिहून आलं की सिस्टर क्षणात सांगतील की काय चुकलंय. त्यांना संगणकाचं तर्कशास्त्र शिकवायची गरज नाही, त्या रोज पेशंट बघतात.

अशा मांडणीचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे, तोही संगणकाशिवायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही वापरता येईल असा श्वासमापक तयार केला. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जलद. वयाचा आणि आकड्याचा सगळा नियम मण्यांत बसवलेला. सुईणीला लेकरांचा आजार कळत होता, साठपर्यंतची मोजदाद मात्र अवघड होती. तेवढाच भार साधनाने उचलला आणि निर्णय तिच्या हातात राहिला.

त्याच गडचिरोलीच्या कामातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. अशा अ‍ॅपमध्ये एकच फॉर्म पुरत नाही. बाळाची नोंद एकदा, आणि पुढच्या प्रत्येक भेटीची माहिती त्याच बाळाच्या नावावर चढायला हवी. कॉमकेअरमध्ये याला ‘केस’ म्हणतात, आणि नव्या माणसाला सगळ्यात उशिरा उमगते ती हीच गोष्ट. खरं तर रजिस्टर भरणाऱ्याला ती मुळीच नवी नाही. एका बाळाची एक आडवी ओळ, भेटीगणिक पुढचा रकाना. बांधणीच्या पडद्यावर हेच रजिस्टर दाखवलं आणि भेटींच्या तारखा ‘जन्मापासून इतक्या दिवसांनी’ अशा भरू दिल्या, तर अर्धं प्रशिक्षण वाचेल.

अ‍ॅप चालू झाल्यावरचे बदल हे तर वेगळंच प्रकरण. बाळंतपण कुठे झालं, या प्रश्नाला १ म्हणजे घरी, २ म्हणजे दवाखान्यात असे क्रमांक होते. कोणीतरी मध्ये ‘वाटेत’ हा पर्याय घातला, त्याला २ क्रमांक दिला आणि दवाखाना ३ वर ढकलला. त्या क्षणी आधीची दवाखान्यातली सगळी बाळंतपणं वाटेत झालेली दिसू लागतात. रेडकॅपने यावर चांगला बंदोबस्त केलाय. खरी माहिती जमा होऊ लागली की बदल आधी मसुद्यात करावे लागतात, जुन्या माहितीला धोका असेल तिथे इशारा मिळतो, आणि व्यवस्थापकाची मंजुरी लागू शकते. मोकळीक देणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एवढा अटकाव हवाच.

प्रश्न जोडणं सोपं झालं की प्रश्न वाढतात, हेही खरं. जिल्ह्याला एक आकडा हवा असतो, राज्याला दुसरा, आणि फॉर्म भरताना आशाताईंची नजर बाळावरून फोनवर जाते. बांधणीच्याच पडद्यावर प्रत्येक प्रश्नासमोर ‘या उत्तरावरून कोण काय करणार?’ असा सक्तीचा रकाना असावा, असं मला मनापासून वाटतं. गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही अशा नोंदी कोणाला दिसतील, हेही तिथेच ठरावं, आणि काही न ठरवल्यास त्या कमीत कमी लोकांना दिसाव्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. तो पाळण्याचं ओझं फॉर्म बांधणाऱ्या सिस्टरांवर टाकणं अन्यायाचं आहे.

अशा सॉफ्टवेअरच्या निविदेत एक अट सहज घालता येईल. नवजात बाळाच्या भेटींचा फॉर्म एखाद्या गटप्रवर्तक ताईंनी कंपनीच्या माणसाच्या मदतीशिवाय बांधून दाखवावा, त्यात एक पर्याय वाढवून दाखवावा, आणि मग दोन उपकेंद्रांतल्या आशाताईंनी तो आपल्या जुन्या फोनवर, नेट बंद ठेवून, आठवडाभर वापरून बघावा. बिल त्यानंतर मंजूर करावं.