लोणारचं पाणी गुलाबी का झालं? उत्तर अहवालात आहे

जून 2020. लोणार सरोवर अचानक गुलाबी झालं आणि व्हॉट्सॲपवर चमत्कारांचा पूर आला. वनविभागाने मात्र बाटल्या भरल्या आणि पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे धाडले. आघारकरच्या तपासणीत गुन्हेगार सापडला: हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, यांचं फावलं. हा अहवाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला.

लोणारवरचे संदर्भग्रंथ मात्र छापल्याचं साल पाहूनच उघडावेत! सरोवर ज्या विवरात आहे, ते जुन्या पुस्तकांत ज्वालामुखीचं ठरतं. 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या शोधनिबंधाने अशनी आघाताचे पुरावे मांडले. वयाचंही तसंच. अनेक ठिकाणी अजून सुमारे 52 हजार वर्षं लिहिलेलं असतं. नंतरच्या आर्गॉन कालमापनात ते 5 लाख 70 हजारांच्या आसपास निघालं. फरक दहापटींहून मोठा.

2020 मध्येच लोणार रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. त्याचं माहितीपत्रक रामसरच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. लोणारला जाण्याआधी ते जरूर चाळा.